नोंदी संगणकावर गेल्या, तरी परिचारिकांचा वेळ का वाचत नाही?

प्रश्न : परिसेविका_मेडिकल_वॉर्ड

नमस्कार. मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मेडिकल वॉर्डची परिसेविका आहे. आमच्याकडे संगणकीकृत केस पेपर सुरू होऊन आठ महिने झाले. परिचारिकांचे लिखाणाचे काम कमी होईल आणि तो वेळ रुग्णाजवळ जाईल, असे त्या वेळी सांगितले गेले होते आणि मीही त्यावर मनापासून विश्वास ठेवून माझ्या सहकाऱ्यांना तयार केले होते. प्रत्यक्षात ड्यूटी संपल्यावर नोंदी पूर्ण करण्यासाठी थांबणाऱ्या मुलींची संख्या कमी झालेली नाही.

गेल्या आठवड्यात मी सकाळच्या पाळीत एका परिचारिकेच्या मागे वही घेऊन चार तास फिरले. त्यात जे दिसले ते जसेच्या तसे लिहिते. तिने खाटेजवळ रक्तदाब मोजला आणि आकडा तळहातावर पेनने लिहिला, कारण संगणक वॉर्डच्या टोकाला टेबलावर आहे. सहा रुग्ण झाल्यावर हातावर जागा उरली नाही, तेव्हा खिशातल्या चिठ्ठीवर लिहू लागली. मग टेबलाशी येऊन तिने ते सगळे आकडे कागदी चार्टवर उतरवले, कारण राउंडला येणारे काही डॉक्टर अजूनही तोच चार्ट मागतात. त्यानंतर संगणक मोकळा होण्याची वाट पाहून तेच आकडे तिथे भरले. दुपारी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवताना, त्यांपैकी महत्त्वाचे आकडे ओव्हरच्या वहीत पुन्हा लिहिले. एकच रक्तदाब चार ठिकाणी लिहिला गेला, आणि त्यात एका रुग्णाचा आकडा शेजारच्या रुग्णाच्या नावावर गेला. तो मी वेळीच पाहिला म्हणून दुरुस्त झाला.

आता व्यवस्थापन पुढच्या टप्प्याचा विचार करत आहे. परिचारिकांना वॉर्डमध्ये वापरण्यासाठी फोन द्यावेत, औषधे देताना औषधावरचा आणि रुग्णाच्या मनगटपट्टीवरचा बारकोड तपासावा, वॉर्डबॉयची कामे अॅपवरून वाटावीत आणि पंप, व्हीलचेअर यांसारख्या वस्तूंना शोधपट्ट्या (वस्तू कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणा) लावाव्यात, असे चार प्रस्ताव एकदम समोर आहेत. मला मत विचारले आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष राबवले आहे त्यांनी कृपया सांगावे की सुरुवात कुठून करावी, आणि खरोखर काही सुधारले की नाही हे कशावरून ओळखावे. आणखी एक काळजी आहे. ‘हे सगळे आमच्यावर पाळत ठेवण्यासाठी आहे,’ अशी कुजबुज वॉर्डात सुरू झाली आहे. ती मला दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही.

उत्तर १ : जुनी_सिस्टर

मॅडम, आपण चार तास वही घेऊन फिरलात हेच सगळ्यात मोलाचे काम झाले आहे. बहुतेक ठिकाणी हे न करताच खरेदी होते. मी सव्वीस वर्षे वॉर्डात काढली आणि त्यांतली शेवटची सात वर्षे रुग्णालयाच्या संगणक प्रणालीत परिचारिकांच्या बाजूने बोलण्याचे काम केले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अमेरिकेतील ३६ रुग्णालयांतल्या ७६७ परिचारिकांचा वेळ नेमका कुठे जातो, हे मोजणारा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात परिचर्येच्या वेळेपैकी ३५.३ टक्के वेळ नोंदी करण्यात, २०.६ टक्के इतरांशी समन्वय साधण्यात आणि १७.२ टक्के औषधे देण्यात जात असल्याचे आढळले. रुग्णाची तपासणी आणि टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास, रक्तदाब) घेणे यांसाठी उरला होता ७.२ टक्के वेळ, म्हणजे एका पाळीत सुमारे ३१ मिनिटे. एका पाळीतले चालणे १ ते ५ मैलांपर्यंत होते. हे आकडे मी मुद्दाम देते आहे, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांत आहे. वेळ खाणारी सगळ्यात मोठी गोष्ट नोंदी आहे, आणि आपल्या व्यवस्थापनासमोर असलेल्या चार प्रस्तावांपैकी एकही थेट नोंदींविषयी नाही.

आपल्या वॉर्डात कागदाशेजारी संगणक आणून ठेवला गेला आणि कागद तिथेच राहिला, त्यामुळे काम कमी होण्याऐवजी त्यात भर पडली. आमच्याकडेही हेच झाले होते. आम्ही एक साधा नियम धरला की कोणताही आकडा एकदाच लिहिला जाईल, जिथे तो मोजला तिथेच लिहिला जाईल, आणि बाकी सगळ्यांनी तो तिथूनच पाहायचा. हा नियम बोलायला सोपा आहे, पण तो पाळण्यासाठी एका ठरलेल्या तारखेला कागदी चार्ट बंद करावा लागतो आणि जे डॉक्टर तो मागतात त्यांच्याशी आधी बसून बोलावे लागते. हे बोलणे परिचारिकांवर सोडू नये. आमच्या वैद्यकीय अधीक्षकांनी स्वतः प्रत्येक युनिटच्या प्रमुखांना विचारले की कागदी चार्टमध्ये तुम्ही नेमके काय पाहता. उत्तर मिळाले की तीन दिवसांचा तापाचा चढउतार एका नजरेत दिसतो. संगणकाच्या पडद्यावर तो आलेख तीन क्लिकनंतर उघडत होता. तो रुग्णाच्या पहिल्याच पानावर आणला आणि महिनाभरात कागद मागणे थांबले. डॉक्टरांची मागणी हट्टाची नव्हती. पडद्याची मांडणीच चुकलेली होती.

दुसरी गोष्ट तळहाताची. ती मुलगी हातावर का लिहिते? कारण लिहिण्याची जागा खाटेपासून लांब आहे. म्हणून नोंद करण्याचे साधन खाटेजवळ नेणे हेच पहिले काम. आम्ही ढकलगाडीवरचे संगणक घेतले आणि पहिल्या दोन महिन्यांत ते सगळे भिंतीला लागून उभे राहिले. बॅटरी चार तासांत उतरायची, चाके उंबऱ्याला अडकायची, आणि रात्री गाडी ढकलताना होणाऱ्या आवाजाने रुग्ण जागे व्हायचे. शेवटी खाटेच्या पायथ्याशी बसणारे छोटे पडदे आणि रक्तदाबाचा आकडा आपोआप केस पेपरमध्ये पाठवणारी यंत्रे घेतली. मनगटपट्टी स्कॅन करायची, पट्टा बांधायचा, आकडा आला की तो डोळ्यांनी पाहून मान्य करायचा. हातावर लिहिणे आपोआप बंद झाले, कोणाला रागवावे लागले नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे अनावश्यक नोंदी काढून टाकणे. हवाईमधील एका रुग्णालय समूहाने २०१७ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांनाच विचारले की संगणकातली कोणती नोंद निरर्थक वाटते. परिचारिकांनी सांगितले की दर तासाला रुग्णाजवळ जाऊन आल्याची खूण करावी लागते. त्या एका खुणेला जाणारा वेळ मोजला तर त्यांच्या चार रुग्णालयांत मिळून महिन्याला सुमारे १,७०० परिचर्या-तास निघाले. खूण काढून टाकली, रुग्णाजवळ जाणे तसेच सुरू राहिले. एखादी नोंद नेमकी कोण वाचते, हा प्रश्न आपल्या प्रणालीतल्या प्रत्येक रकान्याला विचारून पाहा. आमच्याकडे दाखल होतानाच्या फॉर्ममध्ये असे एकोणीस रकाने सापडले, जे भरले जात होते पण कोणीच उघडून पाहत नव्हते.

उत्तर २ : सर्व्हर_आणि_सिरिंज

मी एका रुग्णालयाच्या संगणक विभागात आहे, त्यामुळे माझी बाजू लहान पण कटकटीची आहे. जुन्या सिस्टरांच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. त्यात लॉगिनची भर घालतो.

आपल्या वॉर्डात एका पाळीत एक परिचारिका किती वेळा लॉगिन करते ते मोजा. आमच्याकडे एका दिवसाची नोंद काढली तेव्हा ज्या वॉर्डात संगणक सामायिक होते तिथे ही संख्या माणशी तीसच्या पुढे गेली होती, आणि प्रत्येक वेळी पासवर्ड टाकून रुग्णाचे पान उघडेपर्यंत पाऊण मिनिट जात होते. परिणाम असा की सकाळी कोणीतरी एकदा लॉगिन करायचे आणि दिवसभर सगळ्यांनी त्याच नावाने नोंदी करायच्या. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण काम पूर्ण करायचे तर त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. आम्ही ओळखपत्र टेकवले की स्वतःचे पान, आधी जिथे सोडले होते तिथूनच, उघडेल अशी सोय केली. या एका बदलाने जेवढी कृतज्ञता मिळाली तेवढी कोणत्याही मोठ्या प्रकल्पाने मिळाली नाही.

यंत्रे विकत घेताना एक अट लेखी घ्यावी. रक्तदाबाचे यंत्र, रुग्णाच्या नाडी-ठोक्यांवर लक्ष ठेवणारा मॉनिटर, प्रयोगशाळा आणि औषध विभाग यांच्यात माहितीची देवाणघेवाण प्रमाणित पद्धतीने व्हायलाच हवी. एचएल-सेव्हन ही प्रमाणे ठरवणारी संस्था १९८७ पासून काम करते आहे आणि फायर हे तिचे नवे प्रमाण आता बरेच रुळले आहे. ‘जोडणी पुढे करून देऊ’ असे विक्रेत्याने म्हटले तर ती जोडणी होईपर्यंत परिचारिकाच दोन यंत्रांमधली तार बनते आणि आकडे एका पडद्यावरून दुसऱ्यावर उतरवत बसते. साधनांची संख्या ठरवतानाही सरासरी पाहू नये. सकाळी आठ वाजता, राउंड आणि औषधांची वेळ एकत्र येते तेव्हा, किती जणांना एकाच वेळी साधन लागते ते पाहून संख्या ठरवावी.

प्रणाली बंद पडली तर काय, याची तयारीही याच टप्प्यावर करावी. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या संगणकांवरच्या हल्ल्यात इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेचे २३६ पैकी किमान ८० ट्रस्ट (रुग्णालये व इतर सेवा चालवणाऱ्या संस्था) बाधित झाले आणि अंदाजे १९,००० भेटी रद्द कराव्या लागल्या. तेवढे मोठे संकट सोडा, नेटवर्क वीस मिनिटे गेले तरी दुपारच्या औषधांचे काय होते हे आधी करून पाहिलेले असावे. आमच्या प्रत्येक वॉर्डात एक संगणक असा आहे की ज्यावर चालू औषधांची यादी दर पंधरा मिनिटांनी आपोआप साठवली जाते आणि नेटवर्क नसतानाही छापता येते.

उत्तर ३ : फिजिशियन_राउंड

डॉक्टरांच्या बाजूने लिहितो आणि बारकोडच्या प्रस्तावाबद्दलही, कारण त्याबाबत बऱ्याचदा चुकीची अपेक्षा ठेवली जाते.

ही कल्पना मुळात एका परिचारिकेची आहे. अमेरिकेत टोपेका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्यू किनिक यांनी १९९२ मध्ये भाड्याची मोटार परत करताना तिथला कर्मचारी हातातल्या यंत्राने गाडीवरचा बारकोड वाचतो हे पाहिले आणि मोटारीसाठी हे होऊ शकते तर औषधासाठी का नाही, असा प्रश्न विचारला. पुढे ती पद्धत माजी सैनिकांच्या सर्व रुग्णालयांत गेली. तिचा उपयोग किती, हे बॉस्टनमधील ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयाच्या २०१० च्या अभ्यासात स्पष्ट दिसते. वेळेशी संबंधित नसलेल्या औषध देण्यातील चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. डॉक्टरांची सूचना औषधाच्या कागदावर उतरवताना आधी ६.१ टक्के चुका होत होत्या, त्या पूर्णपणे थांबल्या, कारण उतरवण्याची पायरीच उरली नाही. माझ्या मते या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा दुसरा आहे. जुन्या सिस्टर ज्याला ‘एकदाच लिहिणे’ म्हणतात, त्याचाच हा पुरावा आहे.

मात्र बारकोडमुळे औषधांची फेरी लवकर आटोपेल, अशी आशा व्यवस्थापनाला दाखवू नये. त्याच चमूने परिचारिकांचा वेळही मोजला होता, आणि औषधे देण्यासाठी लागणारा वेळ वाढला नाही, एवढेच त्यातून दिसले. मला तेही मोठे यश वाटते. जेवढ्या वेळात आधी काम होत होते तेवढ्याच वेळात ते अधिक सुरक्षित झाले, तर कर्मचाऱ्यांची उत्पादकता वाढली असेच म्हणायला हवे. चुकीचे औषध गेल्यावर त्या रुग्णाच्या देखरेखीत, चौकशीत, नातेवाइकांशी बोलण्यात आणि त्या परिचारिकेच्या मनःस्थितीत जे तास जातात, ते कोणत्याही तक्त्यात येत नाहीत.

बारकोड घाईने बसवला तर काय होते, तेही सांगतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच रुग्णालयांतील एका अभ्यासात परिचारिकांनी शोधलेल्या १५ प्रकारच्या पळवाटा आणि त्यांची ३१ कारणे नोंदवली गेली. रुग्णांच्या मनगटपट्ट्यांच्या जादा प्रती छापून त्या गाडीवर, दाराच्या चौकटीवर, कमरेच्या कडीला लावलेल्या आढळल्या, म्हणजे रुग्णाजवळ न जाताच स्कॅन पूर्ण. कारणे वाचली की राग येत नाही. मनगटपट्टी भिजलेली किंवा चुरगळलेली, स्कॅनरची बॅटरी संपलेली, नेटवर्क तुटणारे, आणि गोळीच्या पाकिटावर बारकोडच नाही. शेवटची अडचण फार मोठी आहे. गोळ्यांची पट्टी कापून एक-एक गोळी दिली जाते तिथे सुट्या गोळीवर बारकोड कोण आणि केव्हा लावणार, हे औषध विभागाने लेखी दिल्याशिवाय एकही स्कॅनर घेऊ नये.

डॉक्टरांच्या वेळेविषयी थोडक्यात. २०१६ मध्ये ५७ डॉक्टरांचे ४३० तास निरीक्षण करून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, बाह्यरुग्ण विभागात रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात असल्याचे दिसले. मी स्वतः यातून गेलो आहे. कालची नोंद आज जशीच्या तशी चिकटवण्याची सोय मिळाली तेव्हा आनंद झाला होता. सहा महिन्यांनी माझ्याच एका रुग्णाच्या केस पेपरमध्ये, त्याला लघवीसाठी घातलेली नळी (मूत्रनलिका) काढून चार दिवस झाल्यावरही ‘मूत्रनलिका चालू’ असे माझ्याच नावाने लिहिलेले सापडले. त्या दिवसापासून मी रोजचे मूल्यमापन कोऱ्या जागेत नव्याने लिहितो. चार ओळी होतात, पण त्या त्या दिवसाच्या असतात, आणि परिचारिकांना योजना शोधत पाच पाने खाली जावे लागत नाही. नोंद लिहिणाऱ्याची दोन मिनिटे वाचवण्यासाठी वाचणाऱ्या सहा जणांची प्रत्येकी तीन मिनिटे खर्च होत असतील, तर तो सौदा रुग्णालयाला परवडणारा नाही.

उत्तर ४ : बायोमेडिकल_तळमजला

फोन देण्याच्या प्रस्तावावर कृपया सावकाश जा. फोन हातात आले की पुढच्याच बैठकीत कोणीतरी म्हणेल की मॉनिटरचे अलार्मही फोनवर पाठवू. मी दहा वर्षे हीच यंत्रे दुरुस्त करतो आहे, म्हणून आधीच सावध करतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील रुग्णालयात पाच अतिदक्षता विभागांतल्या ७७ मॉनिटरांची ३१ दिवसांची नोंद घेतली गेली आणि ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण २५,५८,७६० अलार्म निघाले. त्यांतले ऐकू येणारेच धरले तरी एका खाटेमागे दिवसाला १८७ अलार्म होत होते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे १२,६७१ अलार्म तज्ज्ञांनी तपासले, त्यांपैकी ८८.८ टक्के खोटे होते. हे सगळे फोनवर वळवले तर परिचारिकेच्या खिशात दर काही मिनिटांनी थरथर होत राहील आणि तिचे शरीर त्या थरथरीकडे दुर्लक्ष करायला शिकेल. यात तिचा काहीच दोष नसेल. खऱ्या अलार्मची वेळ येईल तेव्हा मात्र जाब तिलाच विचारला जाईल.

म्हणून आधी अलार्म कमी करा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दोन वॉर्डांत छातीवरचे इलेक्ट्रोड रोज बदलायला सुरुवात केल्यावर अलार्म सुमारे ४६ टक्क्यांनी घटले. त्यात कुठलेही नवे यंत्र लागले नाही. आमच्याकडे मी इन्चार्ज सिस्टरांबरोबर एकेका रुग्णाच्या मॉनिटरसमोर बसलो. कारखान्यातून आलेल्या मर्यादा तशाच होत्या. एका आजोबांची नाडी मुळातच ५२ च्या आसपास असायची आणि खालची मर्यादा ५० वर होती. झोपेत ती ४९ झाली की घंटा, पुन्हा ५० झाली की शांतता, आणि हे रात्रभर. डॉक्टरांच्या लेखी संमतीने मर्यादा ४५ केली आणि त्या कोपऱ्यातला आवाज थांबला. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी सकाळी सांगितले की तीन रात्रींनंतर आज झोप लागली. अलार्मचे असे घर आवरून झाले की मगच, कोणता अलार्म फोनवर जाईल, तो दुसऱ्या कोणाकडे किती सेकंदांनी वळेल आणि कोणता फक्त खाटेजवळच वाजेल, हे ठरवावे.

शोधपट्ट्यांचा प्रस्ताव मला चारांपैकी सगळ्यात निरुपद्रवी आणि उपयोगी वाटतो, पण एका अटीवर. पट्ट्या पंपांना लावा, माणसांना लावू नका. सिरिंज पंप न मिळण्याचे खरे कारण आमच्याकडे संख्या कमी असणे हे नव्हतेच. पुढच्या वेळी मिळेल की नाही याची खात्री नसल्याने प्रत्येक वॉर्ड दोन-तीन पंप कपाटात जपून ठेवत होता. पट्ट्या लावल्यावर ते दिसले. तरीही आम्ही कपाटे उघडायला गेलो नाही. मागितल्यावर ठरलेल्या वेळेत पंप पोहोचवण्याची हमी तळमजल्यावरच्या आमच्या विभागाने दिली आणि ती तीन महिने पाळली. मग पंप स्वतःहून परत येऊ लागले.

उत्तर ५ : स्ट्रेचर_समन्वय

वॉर्डबॉयच्या अॅपबद्दल माझा अनुभव संमिश्र आहे. मी रुग्णांना एक्स-रे, सोनोग्राफी आणि ऑपरेशन थिएटरकडे नेण्याआणण्याच्या कामाचे वाटप पाहतो.

अॅप येण्याआधी दिवसभर फोन चालायचे, ‘तुमचा माणूस कुठे आहे?’ एवढेच विचारायला. अॅपमुळे ते फोन जवळजवळ संपले, कारण काम स्वीकारले, रुग्ण घेतला, पोहोचवला, या तीन टप्प्यांची वेळ वॉर्डातही दिसते. एकाच दिशेची दोन कामे जोडता आल्याने रिकाम्या फेऱ्याही कमी झाल्या. इथपर्यंत चांगले झाले. पण पाचव्या महिन्यात व्यवस्थापनाने प्रत्येकाच्या पूर्ण केलेल्या कामांची संख्या फलकावर लावायला सुरुवात केली आणि सगळे बिघडले. रक्ताचे नमुने पोहोचवणे हे चार मिनिटांचे काम, तर ऑक्सिजनवरच्या रुग्णाला नेणे चाळीस मिनिटांचे. फलकावर दोन्हींची किंमत एकच. साहजिकच नमुन्यांची कामे क्षणात उचलली जाऊ लागली आणि ऑक्सिजनवरचा रुग्ण वाट पाहत राहिला. त्या काळात सगळ्यात अवघड कामे न बोलता करणारा आमचा सगळ्यात अनुभवी माणूस फलकावर तळाला होता. तो एक दिवस माझ्याकडे येऊन, ‘साहेब, मी काम करत नाही का?’ असे विचारून गेला, आणि मला उत्तर देता आले नाही.

फलक आम्ही काढला. आता आकडे फक्त कामाच्या प्रकारानुसार पाहिले जातात. कोणत्या वेळी माणसे कमी पडतात, कोणती लिफ्ट अडवते, एक्स-रे विभागात किती वेळ थांबावे लागते, हे पाहिले जाते. व्यक्तीनुसार आकडा काढण्याची सोयच बंद करून घेतली आहे. परिसेविका मॅडमनी लिहिलेल्या कुजबुजीला माझे उत्तर हेच आहे. पाळत ठेवणार नाही असे तोंडी आश्वासन पुरत नाही. कोणती माहिती साठवली जाईल, ती कोण पाहील आणि कशासाठी वापरली जाणार नाही, हे खरेदीच्या आधी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर लिहून द्यावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : परिसेविका_मेडिकल_वॉर्ड

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने वेळ काढून लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. हे सगळे छापून मी काल आमच्या अधिसेविकांना आणि वैद्यकीय अधीक्षकांना वाचायला दिले. चार प्रस्ताव एकदम नकोत, यावर एकमत झाले.

माझ्या वॉर्डात आधी आकडा आपोआप पाठवणारी रक्तदाबाची चार यंत्रे आणि ओळखपत्र टेकवून लॉगिन, एवढेच करायचे ठरले आहे. चार हा आकडा सकाळी आठच्या गर्दीत मोजूनच काढला. कागदी चार्ट बंद करण्याची तारीख पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी धरली आहे आणि युनिट प्रमुखांशी अधीक्षक स्वतः बोलणार आहेत. बारकोडचा विषय औषध विभागाच्या लेखी उत्तरापर्यंत थांबवला आहे. फोन तूर्तास नाहीत.

मोजमापासाठी मी तीन गोष्टी धरते आहे. ड्यूटी संपल्यानंतर किती मिनिटे थांबावे लागले, रक्तदाब मोजल्यापासून तो केस पेपरमध्ये दिसेपर्यंत किती वेळ गेला, आणि मी पुन्हा वही घेऊन फिरेन तेव्हा परिचारिका रुग्णाजवळ किती वेळ होती. तिन्ही आकडे वॉर्डाचे असतील, कोणाच्या नावाचे नाहीत. ज्या मुलीच्या मागे मी फिरले होते तिलाच पहिले यंत्र वापरून पाहायला सांगितले आहे आणि तिने होकार देताना एकच विचारले, की रात्री त्याचा आवाज बंद करता येतो का. ते मी विक्रेत्याला विचारायच्या यादीत पहिले लिहिले आहे.

तारखेच्या दिवसाबद्दल काही खास सूचना असल्यास जरूर सांगाव्यात.

उत्तर ६ : जुनी_सिस्टर

तिचा प्रश्न अगदी योग्य आहे. आवाज बंद होतो की नाही हे माहितीपत्रकात पाहू नका, यंत्र रात्री वॉर्डात एक तास चालवून पाहा.

तारखेविषयी दोनच गोष्टी. सोमवारी सकाळी दाखल होणाऱ्या रुग्णांची गर्दी असते, म्हणून शक्य असेल तर बुधवार धरा, आणि पहिले तीन दिवस दर पाळीला एक जादा व्यक्ती ठेवा. तिला रुग्ण वाटून देऊ नका. कोणी अडखळले की मदतीला जाणे एवढेच तिचे काम असावे. रात्रपाळीला विसरू नका. आमच्याकडे शिकवणारे सगळे पाच वाजता घरी गेले आणि पहिल्या रात्री मुली एकट्याच पडल्या होत्या.

दुसरे म्हणजे छापील चार्टचा गठ्ठा आदल्या रात्रीच वॉर्डातून उचलून घ्या. आमच्याकडे तो टेबलाच्या खणात राहिला आणि दहाव्या दिवशी पाहते तर अर्ध्या खाटांवर पुन्हा कागद लटकत होते. नेटवर्क बंद पडण्याच्या वेळेसाठी लागतील तेवढे, साधारण दोन पाळ्यांचे, फॉर्म एका लिफाफ्यात सीलबंद करून इन्चार्जच्या कपाटात ठेवा आणि सील कधी व का फोडले हे लिफाफ्यावरच लिहिण्याची पद्धत ठेवा.